आत्याबाईंचं दुखणं

हा लेख लिहू की नको, असं करत करत दोन महिने गेले. इथे माझ्या भाच्या-पुतण्या वाचतात, जुने विद्यार्थी वाचतात, एक-दोन व्याहीही वाचतात. विषय असा की बायका चारचौघींत बोलतानाही आवाज खाली आणतात. पण 35 वर्षं शाळेत इतिहास शिकवला. पानिपत झालं, पुरंदरचा तह झाला, हैदराबादचा मुक्तिसंग्राम झाला. या सगळ्यात घरातल्या बाईच्या शरीराचाही काही इतिहास असतो, हे एकदाही फळ्यावर लिहिलं नाही. आता पंचाहत्तरीला आले. आता नाही लिहायचं तर कधी?

दुखण्याचं नाव आधी सांगून टाकते. डॉक्टर त्याला 'प्रोलॅप्स' म्हणतात. आमच्या हदगावकडच्या बायका म्हणतात 'अंग बाहेर येतंय'. गर्भाशय, मूत्राशय, कधी आतड्याचा शेवटचा भाग आपली जागा सोडून खाली उतरतो आणि योनीतून बाहेर डोकावू लागतो. गाई-म्हशींना व्याल्यावर असं झालं तर आमच्याकडे गावभर कळतं, जनावरांच्या डॉक्टरला बोलावणं जातं. बाईला झालं तर शेजारच्या खोलीतही कळत नाही.

आमच्या घरात ते चाळीस वर्षं कळलं नव्हतं.

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. 1988 साली त्या शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळल्या. अंघोळ मी घालायची. पहिल्याच दिवशी त्यांनी लुगडं घट्ट धरून ठेवलं, सोडेनात. मला वाटलं लाज वाटत असेल. शेवटी सोडलं तेव्हा आत चिंध्यांचा एक गोळा सापडला, मुठीएवढा, वर लंगोटासारखी पट्टी बांधलेली. मी काढायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे माय. ते काढलं की समदं बाहेर येतंय."

मी विचारलं, "कधीपासून?"

"लई जुनं हाय. रझाकाराच्या वक्ताचं."

मग तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. 1948 चा उन्हाळा. आमचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात, आणि पैनगंगेच्या पलीकडे उमरखेड म्हणजे वऱ्हाड, भारताची हद्द. रझाकारांच्या भीतीने गावंच्या गावं नदी ओलांडून जात होती. आत्याबाई तेव्हा बावीस वर्षांच्या, तिसऱ्या बाळंतपणातून उठून दहा दिवस झालेले. सव्वा महिना तर दूरच, अंगावरचं ओलंही वाळलं नव्हतं. काखेत पोर, डोक्यावर धान्याचं गाठोडं, अशा त्या रात्रीतून चालत गेल्या. पाणी कमी होतं म्हणून नदी पायी ओलांडली. पलीकडे गाठोडं खाली ठेवलं तेव्हा काहीतरी सुटल्यासारखं वाटलं, एवढंच त्यांना आठवत होतं.

सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, 17 तारखेला निजाम शरण आला, लोक परतले. मुक्तिसंग्राम मी वर्गात दरवर्षी शिकवला. स्वामी रामानंद तीर्थ, सरहद्दीवरचे कॅम्प, सगळं. त्या संग्रामातली एक जखम माझ्याच घरात, माझ्याच स्वयंपाकघरात चाळीस वर्षं वावरत होती आणि मला पत्ता नव्हता.

त्यानंतर त्यांना आणखी सहा मुलं झाली. 1972 च्या दुष्काळात त्या खडी फोडायला जात होत्या. 1973 च्या मे महिन्यात मी लग्न होऊन आले तेव्हा दुष्काळी कामं चालूच होती. लिंबाच्या झाडाला पोरांच्या झोळ्या टांगलेल्या, बायका डोक्यावर मातीच्या पाट्या वाहताहेत, दुपारी सुकडी वाटली जातेय. त्यांतल्या किती बायका लुगड्याच्या कासोट्याखाली असाच गोळा बांधून पाट्या उचलत असतील, हे आज मनात येतं. तेव्हा आलं नाही.

एक गोष्ट कबूल करते. आत्याबाई फेंगडं चालायच्या, पोरं मागून नक्कल करायची आणि मीही एकदा हसले होते. कीर्तनाला त्या कधी पूर्ण बसायच्या नाहीत, मध्येच उठायच्या. सतरंजी कधी कधी ओली व्हायची आणि त्यावरून मी एकदा त्यांना टाकून बोलले होते. त्या काहीच बोलल्या नाहीत. सतरंजी उचलून धुवायला घेऊन गेल्या.

असो.

त्या गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, मी या दुखण्याविषयी जमेल तसं वाचू लागले. आधी वाटलं, जुना रोग, औषध नसेल, म्हणून सोसलं असेल. वाचत गेले तसं उलटंच दिसायला लागलं.

औषध शोधायची धडपड फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत स्त्रियांचे वीस योनिरोग सांगितले आहेत, त्यात 'प्रस्रंसिनी' म्हणजे जागेवरून घसरलेली, हा एक आहे. उपाय असा: तूप लावायचं, दुधाच्या वाफेने शेकायचं, हळूच आत बसवायचं आणि वरून बांधून ठेवायचं. आत्याबाईंचा चिंधीचा गोळा याच घराण्यातला म्हणायचा. फक्त तूप, वाफ आणि वैद्य तेवढे वजा झाले होते. तिकडे प्राचीन ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथांत बाईला शिडीला उलटं बांधून हलवायचा उपाय आहे, म्हणजे अंग आपोआप आत जाईल. अर्धं डाळिंब आत बसवायचीही पद्धत होती. पुढे सोरॅनस नावाच्या वैद्याने ते उलटं टांगणं चुकीचं आहे असं स्पष्ट लिहिलं. म्हणजे अघोरी उपायाला विरोध करणारा शहाणा माणूसही जुनाच.

डाळिंबाची जागा हळूहळू घडवलेल्या वस्तूंनी घेतली. मेण, लाकूड, धातू, मग रबर. याला पेसरी म्हणतात, आपल्याकडे 'रिंग' म्हटलं की दवाखान्यात समजतं. आता ती मऊ सिलिकॉनची असते. छत्रीच्या दांड्याने छत्री वर धरावी तशी ती आतून अवयव वर धरते. मापाची बसली तर बाईला ती आहे हे जाणवतही नाही.

शस्त्रक्रियेचा इतिहास वाचताना मँचेस्टर भेटलं. इंग्लंडातलं ते कापडगिरण्यांचं शहर. तिथे 1888 साली आर्चिबाल्ड डोनल्ड या डॉक्टरांनी एक शस्त्रक्रिया सुरू केली, ती पुढे 'मँचेस्टर ऑपरेशन' म्हणूनच ओळखली गेली. तिच्यात गर्भाशय काढत नाहीत, आधार देणारे पट्टे आखडून त्याला वर घेतात.

आणि मँचेस्टरनंतर थेट मुंबई! हेही गिरण्यांचंच शहर. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचं नाव या विषयात जगभर घेतलं जातं. 1899 साली गोव्यातल्या शिरोड्यात जन्म, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिक्षण, 1931 साली इंग्लंडहून एफ.आर.सी.एस. होऊन परतले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातच शिकवू लागले. गर्भ टिकावा म्हणून गर्भाशयाच्या तोंडाला घालायचा 'शिरोडकर टाका' 1955 पासून जगाला माहीत झाला. पण त्यांचं दुसरं मोठं काम या आपल्या दुखण्यावर आहे. आपल्याकडे तरुण बायकांचं, कधी कधी एकही मूल न झालेल्या बाईचंही अंग खाली येतं. अशा बाईची पिशवी काढली तर तिच्या आई होण्यावरच पाणी पडतं. शिरोडकरांनी एक पट्टी गर्भाशयाच्या तोंडाला बांधून मागे पाठीच्या कण्याच्या तळाच्या हाडाला अडकवायची युक्ती काढली. मुंबईतच पुरंदऱ्यांच्या नावाने ओळखली जाणारी दुसरी शस्त्रक्रिया आली, तिच्यात गर्भाशय पुढे पोटाच्या भिंतीच्या आधाराने धरतात. वैद्यकीच्या पुस्तकांत ही मराठी नावं आजही आहेत. मला वाचून अभिमान वाटला आणि त्याच क्षणी रडूही आलं. ज्या वर्षांत मुंबईत हे चाललं होतं, त्याच वर्षांत आत्याबाई चिंध्या धुऊन, गोठ्यामागे कुणाला दिसणार नाही अशा वाळवत होत्या.

आता व्यायामाचं सांगते. तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत लॉस एंजेलिसला अर्नोल्ड केगेल नावाचे डॉक्टर होते. बाळंतपणानंतर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात, ते दंड-बैठकांनी दंड कमवावेत तसे कमवता येतात, असं त्यांनी मांडलं. ते नीट आवळले जातात की नाही हे दाखवणारं हवेच्या दाबाचं एक साधं उपकरणही त्यांनी तयार केलं. त्यांचा तो गाजलेला लेख छापून आला ऑगस्ट 1948 मध्ये. मी ते साल पुन्हा पुन्हा पाहिलं. आत्याबाईंनी नदी ओलांडली तो उन्हाळा आणि हा लेख, मध्ये तीन-चार महिने!

आपल्या हठयोगात मूलबंध आहेच, त्यातही तळाकडचा भाग आवळून वर ओढतात. पण तो साधकांसाठी होता. दहा दिवसांच्या बाळंतिणीला तो शिकवावा असं आपल्याकडे कुणाला सुचलं नाही.

म्हणजे औषध नव्हतं असं नाही. मग अडलं कुठे? मला वाटतं, सगळं अडलं ते बोलण्यापाशी. व्यायाम शिकवायला, रिंगचं माप घ्यायला, टाका घालायला आधी बाईने तोंड उघडावं लागतं आणि समोर ऐकणारं कुणी असावं लागतं.

मुंबईत स्त्रियांसाठी, स्त्री डॉक्टरांच्या हातचं कामा हॉस्पिटल 1886 सालीच सुरू झालं. मराठीत शरीराविषयी उघड लिहिणारे र. धों. कर्वे यांनी 1921 साली संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, त्यापायी कोर्टकचेऱ्या सोसल्या. हे वारं मुंबई-पुण्यात खेळलं. निजामाच्या राज्यातल्या हदगावपर्यंत ते पोचायला फार उशीर झाला. आमच्या नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं ते 1988 साली, आत्याबाई गेल्या त्याच वर्षी.

आणि 1989 च्या जानेवारीत एक असा अभ्यास प्रसिद्ध झाला की त्याने जगाचे कान उघडले. तो आपल्याच महाराष्ट्रातला, गडचिरोलीचा. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. शंभरातल्या 92 स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता, सरासरी एकीला तीनहून अधिक. आणि त्याआधी कधीतरी आतून तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या शंभरात फक्त 8. तोपर्यंत सरकारी कार्यक्रमांत बाईचं आरोग्य म्हणजे गरोदरपण आणि कुटुंब नियोजन, एवढंच धरलं जायचं. राणीताईंचं 'कानोसा' हे पुस्तक मी नंतर वाचलं. नावच किती नेमकं आहे! इतकी वर्षं कुणी कानोसाच घेतला नव्हता.

शेजारच्या नेपाळात तर हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डोंगरात ओझी वाहणाऱ्या, बाळंतपणानंतर लगेच कामाला लागणाऱ्या बायकांमध्ये हे दुखणं फार. 2008 साली तिथल्या न्यायालयाने सांगितलं की स्त्रियांवर ही वेळ येणं हा त्यांच्या हक्कांचा भंग आहे. एका दुखण्याला हक्काचा प्रश्न म्हणणं मला फार मोठं वाटलं. वजन, गरिबी, लागोपाठ बाळंतपणं, विश्रांती नाही, चुलीच्या धुराने जुनाट खोकला, पाणी कमी पिऊन होणारी बद्धकोष्ठता... कारणं पाहिली तर निम्मी कारणं बाईच्या शरीराबाहेरची आहेत.

आता माझं सांगते. 2014 साली, त्रेसष्टाव्या वर्षी, मलाही खाली काहीतरी ओघळल्यासारखं वाटू लागलं. शिंक आली की लघवीचा थेंब. दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी जड व्हायचं. मी इतकं वाचलेली, तरी सहा महिने कुणाला बोलले नाही. मग एका खासगी दवाखान्यात गेले. दोन मिनिटांत तपासलं आणि सांगितलं, "आजी, या वयात पिशवीचा काय उपयोग? काढून टाकू." तारीखही दिली.

आत्याबाईंच्या पिढीला गप्प बसवलं गेलं आणि आमच्या पिढीला थेट टेबलावर. मधला रस्ता कुणी दाखवतच नाही. बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण आठवत असेल. 2019 साली विधिमंडळात आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत 4,605 स्त्रियांची गर्भाशयं काढली गेली. त्यावर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पांढरं जातं, पोट दुखतं, अशा तक्रारींवरही सरसकट पिशवी काढल्याचं बाहेर आलं. 2023 साली सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक गर्भाशय काढण्याला आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वं राज्यांनी लागू करावीत असा आदेश दिला. शिवाय एक साधी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती: अंग खाली येतं ते आधार सैल झाल्यामुळे. नुसती पिशवी काढली आणि आधार दुरुस्त केला नाही, तर राहिलेला भाग पुन्हा खाली येऊ शकतो.

माझ्या बहिणीची मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे. तिला फोनवर चाचरत सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, तारीख रद्द कर. आधी दुसऱ्या डॉक्टरांना दाखव, मग माझ्याकडे ये." दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. दुसरी पायरी होती, मूत्राशय खाली आलेलं. त्यांनी रिंग बसवली, वरून लावायचं एक मलम दिलं आणि व्यायाम करायला सांगितलं.

व्यायाम असा. वारा सरताना आपण जसं रोखून धरतो, तसं खालचे स्नायू आवळून आत-वर ओढायचे. मनात पाच म्हणेपर्यंत धरायचं, तेवढाच वेळ सैल सोडायचं, असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू दहापर्यंत मोजायचं. पोट, मांड्या, कुल्हे ताठ करायचे नाहीत, श्वास रोखायचा नाही. लघवी करताना मध्येच थांबवून सराव करायचा नाही, हे तिने बजावून सांगितलं. शिंक-खोकला यायच्या आधी, वजन उचलायच्या आधी एकदा आवळून घ्यायचं. पहिले दोन महिने मला काहीच फरक वाटला नाही. ती म्हणाली, "मावशी, तू मुलांना पाढे एका दिवसात शिकवलेस का?" चौथ्या महिन्यात शिंकेची भीती गेली. 2014 सालीच 'लॅन्सेट'मध्ये 447 स्त्रियांवरचा अभ्यास आला होता. शिकवून घेतलेल्या अशा व्यायामाने वर्षभरात त्यांचा त्रास कमी झाला होता, हे मला तिनेच दाखवलं.

पण व्यायाम म्हणजे जादू नाही. अंग पूर्ण बाहेर आलं असेल तर नुसत्या व्यायामाने ते आत जात नाही, तिथे रिंग किंवा शस्त्रक्रियाच लागते. चांगल्या हातची, कारण समजून केलेली शस्त्रक्रिया कितीतरी बायकांना नवं आयुष्य देते. फक्त कोणती, कशासाठी, हे विचारून घ्यावं. योनीमार्गातून बसवायच्या जाळीचा गवगवा झाला होता, पण त्रास झाल्याच्या तक्रारी इतक्या आल्या की 2019 साली अमेरिकेने या दुखण्यासाठी तिची विक्रीच थांबवली. रिंग घातली असेल तर ठरलेल्या वेळी दाखवून घ्यावी. रक्त दिसलं, लघवी अडली, बाहेर आलेल्या भागाला जखम झाली, तर एक दिवसही थांबू नये.

माझी रिंग अकरा वर्षं झाली आहे. बदलत असते अर्थात. कीर्तनाला पूर्ण बसते.

मागच्या महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. आता तीही आजी झाली आहे, कापूस वेचायला जाते. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, तरी उठेना. दाराशी गेली आणि मागे वळून म्हणाली, "बाई, एक विचारू का? हसू नका." मी दार लावून घेतलं आणि तिला परत बसवलं. तासभर बोललो. पुढच्या सोमवारी तिला नांदेडला घेऊन जाते आहे.

तुमच्या घरात कुणी आजी फेंगडी चालत असेल, लग्नाला-तीर्थाला जायला सारखी टाळत असेल, मध्येच उठत असेल, तर वयामुळे असेल म्हणून सोडून देऊ नका. एकटीला गाठून विचारा. आत्याबाईंना मी पंधरा वर्षं एका घरात राहून विचारलं नाही. ती सतरंजी अजून माळ्यावर आहे.